मोटारींतील दिवे

पोलादपूरकडील आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं त्या मोटार चालविण्यास शिकल्या. यजमान नोकरीनिमित्त बाहेरगांवीं असतात, सासूबाईंस दर पंधरवड्यास महाडास डॉक्टरांकडे न्यावें लागतें, आणि एस. टी.च्या वेळा डॉक्टरांच्या वेळांशीं जुळत नाहींत, हें त्यामागील कारण. त्या लिहितात, "चावी फिरविली कीं समोर दहाबारा दिवे एकदम लागतात. मला धडकी भरते. घरांतील मंडळी हंसतात व म्हणतात कीं, ते तसेच असतात, त्यांच्याकडे पाहूं नये. पाहावें कीं न पाहावें, एवढेंच आपण सांगावें."

पाहावें. हंसणाऱ्या मंडळींनींहि पाहावें. आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नव्हों. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि आयुष्य गेलें तें मुलांकडून शब्द व धातु पाठ करून घेण्यांत. तरी ह्या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस एका दुपारीं, भरपूर दंड भरून, प्राप्त झाला आहे.

तीन वर्षांपूर्वींच्या मे महिन्यांत आमच्या वडील बंधूंच्या नातवाची मुंज महाडास होती. वाईच्या वृद्ध आत्याबाईंस आणण्यासाठीं आम्ही व धाकटा पुतण्या मोटारीनें गेलों. परततांना महाबळेश्वर सोडलें, प्रतापगडाचा फांटा मागें पडला व आंबेनळी घाटाची खरी उतरण लागली, तेव्हां एका वळणावर समोरच्या डॅशबोर्डावर एक लाल चिन्ह लुकलुकलें: लांब चोंचीची झारी व चोंचीपुढें एक थेंब. वळण संपतांच तें विझलें. पुढच्या वळणावर पुन्हां लागलें, पुन्हां विझलें.

"सेन्सर लूज झालेला दिसतो, काका," पुतण्या म्हणाला. "खरोखर बिघाड असता तर दिवा कायम राहिला असता."

तर्क आम्हांस पटला. पटावयास नको होता. पण त्या सायंकाळीं बटूचें केळवण होतें, पंगत आमच्यासाठीं थांबणार होती, आत्याबाईंना घाट लागून उलट्या होत होत्या, तेव्हां आम्हीच म्हणालों, "महाड गांठूं या. तेथें ओळखीचा माणूस आहे, तो पाहील." पोलादपूरच्या नाक्यावर दोन गॅरेजें उघडीं दिसलीं, तींहि आम्हीं मागें टाकलीं. पुढें महामार्गाच्या सपाटीवर दिवा विझेना. पोलादपूर सोडून सहासात किलोमीटर आलों असूं. इंजिनांतून डब्यांत खडे घालून हलवावे तसा आवाज येऊं लागला, मग एक कर्कश घरघर झाली, आणि मोटार गप्प झाली. ऐंशी वर्षांच्या आत्याबाई रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर पाऊण तास बसून होत्या. अखेर आंबे उतरवून परत जाणाऱ्या एका टेंपोंतून त्या केळवणास पोंचल्या. त्यांनीं आम्हांस एका शब्दानें बोल लाविला नाहीं, हेंच आम्हांस फार लागलें.

महाड-पोलादपूर रस्त्यावर गॅरेज चालविणारा आमचा एक जुना विद्यार्थी आहे. संस्कृतांत तो कधीं पस्तिसांच्या वर गेला नाहीं. त्यानें ऑइलची पट्टी उपसून आमच्यासमोर धरली. ती कोरडी होती. "सर, दीडएक लीटर ऑइल कमी आहे. कित्येक महिने थोडं थोडं गळत असणार. पोलादपूरला सातआठशें रुपयांचं ऑइल टाकलं असतं तर गाडी चालत घरीं आली असती." इंजिन उघडून दुरुस्त करण्यास सत्तर हजार रुपये पडले. पैशाचें दुःख पुतण्यास झालें. आम्हांस दुसरेंच झालें, तें सांगतों.

विद्यार्थ्यानें आम्हांस समजावून दिलें तें असें. इंजिनाच्या तळाशीं तेलाचें भांडें असतें. पंप त्यांतील तेल नळीनें ओढून वर फिरणाऱ्या भागांस पोंचवितो, आणि झारीचा दिवा ह्या तेलाचा दाब सांगतो. तेल किती शिल्लक आहे हें तो बहुतेक गाड्यांत सांगत नाहीं. तेल थोडें असलें तरी सपाटीवर नळीचें तोंड त्यांत बुडालेलें राहतें. वळणावर व उतारावर तेल एका अंगास सरकतें, नळी वारा ओढते, दाब उतरतो, दिवा लागतो. वळण संपलें कीं तेल परत जागेवर येतें व दिवा विझतो. म्हणजे आम्ही ज्यास दिव्याचा चंचलपणा समजलों, तो अक्षरशः खरें बोलत होता: "वळणावर तेल पोंचत नाहीं." याहून नेमकें तो कसें सांगणार?

पर्वतावर धूर दिसला असतां तेथें अग्नि आहे असें जाणावें, हें न्यायशास्त्रांतील उदाहरण आम्हीं वर्गांत बत्तीस वर्षें सांगितलें. धूर हें लिंग, अग्नि हें साध्य. आणि त्या दुपारीं, प्रत्यक्ष पर्वतावर, लिंग डोळ्यांसमोर लुकलुकत असतां आम्हीं काय केलें? धूरच सदोष आहे असें ठरवून केळवणाची वाट धरली. तें इंजिन सपाटीवर बंद पडलें म्हणून हें लिहितां येत आहे. घाटाच्या उतारावर बंद पडतें, तर स्टिअरिंग एकाएकीं जड होतें आणि दोनतीन वेळां दाबल्यावर ब्रेकहि दगडासारखा होतो. कारण दोहोंसहि आजच्या मोटारींत यंत्राचें साह्य असतें. आंबेनळीच्या दऱ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस अधिक सांगणें नलगे.

आतां भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. चावी फिरवितांच, इंजिन सुरू होण्यापूर्वीं, सर्व दिवे लागतात ती मोटारीची हजेरी असते. आम्ही वर्गांत नांवें पुकारीत असूं व मुलें "हजर" म्हणत, तसा प्रत्येक दिवा त्या वेळीं "मी जिवंत आहें" असें सांगतो. इंजिन सुरू झालें कीं कांहीं क्षणांत ते एकेक विझावे. हँडब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडीपर्यंत व पट्ट्याचा दिवा पट्टा लावीपर्यंत राहतो, तें योग्यच आहे. तेव्हां धडकी भरण्याचें कारण दिवे लागणें हें नव्हे. एखादा विझला नाहीं तर काळजी करावी. आणि एखादा मुळींच लागला नाहीं, तर अधिक काळजी करावी. बटन दाबून सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांत ब्रेकवर पाय न ठेवतां बटन दाबलें म्हणजे ही हजेरी बहुधा सावकाश घेतां येते.

न लागणाऱ्या दिव्याची गोष्ट आमच्याच घरांत घडली. गेल्या वर्षीं आमच्या कन्येनें एक जुनी मोटार घेण्याचें ठरविलें. रंग स्वच्छ, बैठकी नव्यासारख्या, किंमत बेताची. विकणारे गृहस्थ मोठे गोड बोलणारे होते. आम्हीं विद्यार्थ्यास बरोबर नेलें. त्यानें इंजिन पाहिलें नाहीं कीं चाकें पाहिलीं नाहींत. आंत बसून नुसती चावी एक टप्पा फिरविली आणि बोटानें दिवे मोजूं लागला. मग चावी काढून पुन्हां फिरविली व पुन्हां मोजले. बसलेल्या माणसापुढें मोठा चेंडू काढलेला एक लाल दिवा असतो, तो एअरबॅगचा. तो दोन्ही वेळां लागला नाहीं. डॅशबोर्ड खोलून पाहिल्यावर त्या दिव्याच्या पाठीमागें काळी चिकटपट्टी लावलेली आढळली. गाडीस पूर्वीं अपघात झाला होता, एअरबॅग त्या वेळीं फुटून गेली होती, नवी बसविण्याचा खर्च वांचविला होता, आणि दिवा ती गोष्ट सांगत राहिला असता म्हणून त्याचें तोंड बांधलें होतें. कन्येच्या मांडीवर त्या वेळीं दोन वर्षांचें मूल होतें. ती कांहीं न बोलतां मोटारींतून उतरली. विकणाऱ्या गृहस्थांनीं "आम्हांसहि ठाऊक नव्हतें" असें सांगितलें, असेलहि तसें. पण जुनी मोटार घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबास आमची विनंति आहे कीं, रंगरूपाकडे पाहण्यापूर्वीं दिव्यांची हजेरी घ्यावी. तीस दमडीचा खर्च नाहीं.

रंगांचा नियम सोपा आहे. हिरवा व निळा दिवा म्हणजे अमुक वस्तु चालू आहे एवढीच वर्दी; पैकीं निळा हा समोरचे दिवे लांबवर टाकल्याचा, आणि तो लावून समोरून येणाऱ्याचे डोळे दिपविणें हा आपल्याकडे रूढ झालेला असभ्यपणा आहे. पिवळा म्हणजे कांहीं बिघडत आहे, लवकर दाखवा. लाल म्हणजे सुरक्षित जागा पाहून थांबा. वैद्यकांत रोगाचें पूर्वरूप व रूप अशीं दोन वेगळीं सांगितलीं आहेत. पिवळा दिवा हें पूर्वरूप व लाल हें रूप, असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. चिन्हेंहि कंपनीगणिक बदलत नाहींत. आयएसओ २५७५ नांवाचें आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यांत तीं ठरवून दिलेलीं आहेत. म्हणून जपानी मोटारींतील झारी व जर्मन मोटारींतील झारी एकच असते, आणि तिचा अर्थ टोकियोंत जो तोच पोलादपुरांत. एवढी सार्वत्रिक लिपि आपल्या हयातींत आयती मिळाली असतां ती शिकण्याचा आळस आपण करतों, हें नवलच. अमेरिकेंत कांट्यांच्या जागीं दिवे आले तेव्हां लोकांनीं त्यांस "मूर्खांचे दिवे" असें नांव ठेविलें होतें. आमच्या अनुभवानें तें नांव सार्थ आहे. मात्र तो दोष दिव्यांकडे नव्हता.

झारीविषयीं वर आलेंच आहे. ती लागली तर जागा सांपडतांच इंजिन बंद करावें. दहा मिनिटांनीं सपाटीवर पट्टी पाहावी, आणि तेल पुरेसें दिसलें तरी पुन्हां सुरू न करितां मेकॅनिकला बोलवावें. कारण मग पंपाचाच दोष असूं शकतो. पाण्यांत बुडालेल्या तापमापकाचें लाल चिन्ह इंजिन अति तापल्याचें असतें. मे महिन्यांत पोलादपुराहून महाबळेश्वर चढतांना, एअर कंडिशनर चालू, पाठीमागें चौघे व डिकींत सामान, अशा वेळीं त्याचें दर्शन होतें. एअर कंडिशनर बंद करावा, हीटर पूर्ण लावावा (उन्हाळ्यांत हें वेड्यासारखें वाटेल, पण त्यामुळें इंजिनांतील उष्णता आंत ओढली जाते), आणि थांबावें. गरम रेडिएटरचें झांकण मात्र अर्धा-पाऊण तास उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांच्या वर जाऊनहि उकळत नाहीं. झांकण फिरवितांच तें उसळून तोंडावर येतें.

बॅटरीचा लाल दिवा नांवाप्रमाणें बॅटरीचा नव्हे. बॅटरी भरणारा अल्टरनेटर काम करीत नाहीं असें तो सांगतो. पट्टा तुटला असेल आणि त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपहि असेल, तर पाठोपाठ तापमापकाचा दिवाहि लागतो. मग पुढें जाण्यांत अर्थ नाहीं. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर असेल तर चारआठ दिवसांत गाडी दाखवावी. तो लुकलुकत असेल तर न जळलेलें इंधन धुराच्या नळींतील महागड्या शोधकांत जाऊन तो जाळीत आहे असें समजावें, व वेग कमी करून जवळचें गॅरेज गांठावें. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी एक गाळणी असते, तिचाहि पिवळा दिवा आहे. महाडच्या बाजारपेठेंतून वीर स्टेशन, वीर स्टेशनाहून घर, एवढीच ज्यांची फेरी, त्यांच्या गाळणींत काजळी सांचते, कारण ती जळण्याइतकी गाडी तापतच नाहीं. अशांनीं दिवा लागतांच मोकळ्या महामार्गावर वीसपंचवीस मिनिटें एका वेगानें गाडी चालवावी, बहुधा तो विझतो. विझला नाहीं तर मात्र दाखवावी.

वर्तुळांत उद्गारचिन्ह व दोहों बाजूंस कंस, हा ब्रेकचा लाल दिवा. प्रथम हँडब्रेक अर्धवट ओढलेला आहे काय तें पाहावें. नसेल तर ब्रेक ऑइल उतरलें आहे. ए. बी. एस.चा पिवळा दिवा एकटाच लागला, तर साधा ब्रेक चालतो, मात्र ओल्या रस्त्यावर जोरानें दाबल्यास चाकें आवळून गाडी घसरूं शकते. दोन्ही एकदम लागले, तर जागच्या जागीं थांबावें.

परंतु ब्रेकविषयीं याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, त्याचा सर्वांत मोठा घात दाखविणारा दिवाच साधारण मोटारींत नाहीं. न्यायशास्त्रांत तापलेल्या लोखंडी गोळ्याचें उदाहरण येतें: त्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. म्हणून धूर तेथें अग्नि हें खरें. धूर नाहीं म्हणून अग्नि नाहीं, हें खोटें. आंबेनळी उतरणाऱ्या मोटारीचे ब्रेक हा अगदीं तो लोखंडी गोळा. महाबळेश्वर सुमारें १३५० मीटर उंचीवर. पोलादपूर घाटाच्या तळाशीं. बाराशें किलोची मोटार एवढें उतरते तेव्हां तिचें उंचीचें बळ कोठेंतरी जावयास हवें. शाळेंतील आमच्या शास्त्र शिकविणाऱ्या सहकाऱ्यांनीं हिशेब करून सांगितलें कीं, तें सर्व ब्रेकांवर पडलें तर तेवढ्या उष्णतेनें पंचेचाळीस ते पन्नास लीटर थंड पाणी उकळी येईपर्यंत तापेल. म्हणजे आंघोळीचे दोन मोठे बंब, आणि तेवढा जाळ चार चाकांतील तळहाताएवढ्या पट्ट्यांवर! पट्ट्या गुळगुळीत होतात, जळकट वास येतो, पाय खोल जाऊं लागतो. ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें हें आणखी एक. डॉट ३ जातीचें ताजें ऑइल २०५ अंशांस उकळतें असें मानक आहे, तेंच ओल धरल्यावर १४० अंशांवर येतें. आमच्या कोंकणच्या पावसाळी हवेंत तें दोन वर्षांनीं बदलावें. आणि एवढें सर्व होईपर्यंत डॅशबोर्ड काळाभोर, शांत! तेथें नाक हाच दिवा. ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत उतरावा, हा एस. टी.च्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम ह्याच उष्णतेचा विचार करून झालेला आहे. न्यूट्रलमध्यें उतरून पेट्रोल वांचविणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांस हात जोडावे एवढेंच आमच्या हातीं आहे.

दिव्यांवर मुळींच भरंवसा ठेवूं नये असाहि एक प्रसंग महाडकरांनीं पाहिला आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरांत बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशीं तळिये गांवावर दरड कोसळून जें झालें त्यापुढें मोटारींची गोष्ट काढणेंहि जिवावर येतें. पण तिचा उपयोग पुढील पावसाळ्यांत होईल म्हणून लिहितों. पाणी ओसरल्यावर आमच्या आळींतील एका गृहस्थांनीं चिखलानें माखलेल्या मोटारीचें दार उघडून चावी फिरविली. दिवे नेहमींप्रमाणें लागलेले पाहून त्यांस धीर आला व त्यांनीं इंजिन सुरू केलें. आंत पाणी होतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. इंजिनाचा आंतील दांडा वांकला व गाडी कायमची गेली. शेजारच्यांनीं चावीस हातहि न लावतां बॅटरीची तार काढली, गाडी ओढून नेली, तेल व पाणी उपसून घेतलें. ती अजून रस्त्यावर आहे.

पत्रलेखिका भगिनींनीं आपल्या मोटारीबरोबर आलेलें पुस्तक घरांत शोधावें. बहुतेक घरांत तें वेष्टणासह कपाटांत असतें. त्यांतील दिव्यांचें पान काढून एकदां चावी फिरवावी आणि पुढें बसून जुळवून पाहावें. किती दिवे लागतात ती संख्या एका चिठ्ठीवर लिहून ठेवावी. सासूबाईंस शेजारीं बसवून मोजावयास सांगितलें तर त्यांचाहि वेळ बरा जाईल.

आमच्या घरीं हें काम त्या बटूकडे आहे. मुंज होऊन तीन वर्षें झालीं. आतां तो पांचवींत आहे. मागल्या बैठकीवरून पुढें वांकून तो दिवे मोठ्यानें मोजतो व विझतांना उलटे मोजतो. परवां दापोलीस निघालों तेव्हां पुतण्यानें गाडी सुरू केली, आणि हा थांबला. "काका, एक राहिला. लाल आहे." पुतण्यानें घाईनें इंजिन बंद केलें. तिघांनींहि पाहिलें. दिवा पट्ट्याचा होता. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत शेजारच्या बैठकीसहि ही आठवण सक्तीची झाली आहे, आणि त्या बैठकीवर मांडीवर डबा घेऊन, पट्टा न लावतां, आम्ही बसलों होतों.